बुडाला लागलेलं दूध

भुकटीचं दूध करताना पाण्यात भुकटी टाकायची नाही, भुकटीत पाणी टाकायचं. तेही आधी थोडं, कोमट, आणि कणीक भिजवतो तसं हातानं मळत जायचं. गुठळी राहिली तर ती शेवटपर्यंत विरत नाही, आणि लेकराच्या तोंडात गेली की ते सगळंच थुंकून टाकतं. लगदा सैल झाला की गंजातल्या, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या, उकळत्या पाण्यात सोडायचा आणि एक कढ येईपर्यंत पळी फिरवत राहायची. या दुधातली साय आधीच काढून घेतलेली असते, असं आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळे त्यावर काही धरत नाही, पण बुडाला ते फार लवकर लागतं.

हे काम मी काही वर्षं केलं. शिक्षण माझं चौथीपर्यंत. नवरा लवकर गेला, आणि बोरगावला भावाच्या घरी परत आले. भावानंच कुठूनतरी ऐकलं की खेड्यांत लेकरांसाठी दूध केंद्रं निघत आहेत आणि त्यांना बाया पाहिजेत. सेवाग्रामजवळ थोडे दिवस शिकवलं, आणि गिरडच्या अलीकडच्या एका गावात पाठवलं. त्या वेळी आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढं तो मुंबई राज्यात गेला, पण भुकटीची पिपं दोन्ही राज्यांत सारखीच उशिरा यायची.

मला चारचौघांत बोलता येत नसे. अजूनही येत नाही. महिला मंडळाच्या बाया दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागं लागल्या होत्या, मी नाही म्हटलं, आणि आता हे लिहिते आहे ते माझ्यापुरतंच. केंद्रात लेकरांना हाका मारायच्या असत. माझा आवाज शाळेच्या ओसरीबाहेर जात नसे, म्हणून मी पळीनं गंजाच्या काठावर ठोके द्यायची. गावात माझ्या हाताचा ठोका ओळखायला लागले होते.

केंद्र आधी मारुतीच्या देवळात भरायचं ठरलं होतं. तिथं सगळ्यांची लेकरं आली नसती, म्हणून ब्लॉकच्या बाईंनी शाळेची ओसरी धरली. त्यावरून काही घरांनी लेकरं पाठवणंच बंद केलं. मग कापूस फुटला, आया वेचणीला जायला लागल्या, आणि त्या घरांचीही लेकरं मुकाट्यानं पंगतीत येऊन बसली.

ब्लॉकच्या बाई म्हणजे आमच्यावरच्या अधिकारी. महिन्यातून एकदा जीपनं यायच्या, भुकटी तपासायच्या आणि लेकरांची वजनं घ्यायच्या. वजनाला काटा कुठला? पाटलांचा कापूस मोजायचा काटा. त्याला धोतराची झोळी बांधायची आणि लेकरू आत बसवायचं. लेकराला तोलू नये, नजर लागते, असं बाया म्हणायच्या. पण वजन वाढलं नाही तर नाव कापतील अशी कोणीतरी आवई उठवली, आणि पुढच्या खेपेला सगळी लेकरं टम्म पोटं घेऊन आली. आयांनी घरून तांब्या-तांब्या पाणी पाजून आणली होती. पाटील पोट दाबून हसले. म्हणाले, "कापसावर पानी मारू नका म्हनून मी जलमभर बोंबलून राह्यलो, तं आता लेकरावरबी मारून राह्यल्या."

नियम मोजकेच होते. दूध लहान लेकरांना आणि पोटुशी बाईला. ते केंद्रातच प्यायचं, घरी न्यायचं नाही. म्हाताऱ्यांसाठी काही नव्हतं. सुरुवातीला काही म्हातारे लोटे घेऊन आले. सरकारचं दूध म्हणजे सगळ्यांचं, असा त्यांचा समज. मी नुसती मान हलवायची. मग ते लोटे उलटे धरून परत जायचे. उलटे का धरायचे, ते मला बरेच दिवस कळलं नाही. लोटा भरायला आणलाच नव्हता, असं दिसावं म्हणून असेल.

वेचणीच्या दिवसांत घरात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि रांगती लेकरं. म्हणून केंद्रात लेकरांना आणायच्या त्या आज्याच. त्यात भुराबाई होती. डोळ्यांनी अधू, एका हातानं भिंत चाचपत यायची, दुसऱ्या हातानं कडेवरची नात सांभाळायची. नात शेवंता, नुकती चालायला लागलेली. भुराबाई पंगतीच्या अगदी टोकाला, खांबाच्या आड, आमच्याकडं पाठ करून बसायची आणि पदराखाली नातीला दूध पाजायची. मला वाटायचं, नजर लागू नये म्हणून करत असेल.

शेवंताचं वजन काही केल्या वाढेना. तिच्याबरोबरची लेकरं झोळीत मावेनाशी झाली, पण ही आपली होती तिथंच. ब्लॉकच्या बाईंनी जंताचं औषध दिलं. त्यानंही फरक नाही.

एक दिवस खांबाजवळ जास्तीचं दूध वाढायला गेले तेव्हा दिसलं. शेवंताच्या मुठीत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता आणि ती तो चघळत होती. पेला भुराबाईच्या तोंडाला होता.

सगळ्या गेल्यावर तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "माय, ते दूध लेकराचं आहे."

"मले मालूम हाये."

"मग?"

"मी फुकट नाई पेत, बाई. माह्या वाट्याची भाकर थे खाते. तिचे दात नवे हायेत, माहे गेले. बदली केली."

भाकर सून सकाळी ठेवून जायची. एक सासूसाठी, चतकोर लेकरासाठी. भुराबाईच्या तोंडात दात म्हणून एकही उरला नव्हता. पाण्यात कुस्करून ती खाऊन पाहायची, पण पोटात ठरायचं नाही.

"सुनेला सांगायचं ना, थोडं वरण ठेव, ताक ठेव."

"थे अंधारात उठते, अंधारात येते. आन सांगतलं तं मागनं झालं ना व. आपल्याच घरात मागू काय?"

दीड-दोन वर्षांच्या लेकराचं कोरड्या भाकरीवर अंग धरत नाही, हे मला शिकवलं होतं. म्हातारीनं काय खावं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वजनाला भुराबाईची सून कौतिका स्वतः आली. त्या दिवशीची मजुरी बुडवून आली होती. काट्यापाशी ब्लॉकच्या बाई, पाटील आणि गावातल्या बऱ्याच बाया. शेवंता पुन्हा तेवढीच भरली. कौतिका माझ्याकडं वळली.

"बाई, माह्या पोरीच्या दुधातच पानी काऊन टाकता? तिचा बाप गरीब हाये म्हनून?"

ब्लॉकच्या बाईंनी विचारलं, "भुकटी मोजून टाकता ना तुम्ही?"

हो म्हणायला माझं तोंडच उघडेना. सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. माझं गप्प बसणं त्यांना कबुलीसारखं दिसलं असणार. काम गेलं, असं मी मनातून धरलं. भावाच्या घरी परत जायचं, भावजय काय म्हणेल, तेही डोळ्यांपुढं आलं. एवढ्यात खांबाकडून आवाज आला.

"बाईले नोको बोलू, कौतिके. दूध मी पेतो."

भुराबाई भिंत धरून उभी राहिली होती. बदलीची सगळी हकीकत तिनं जशी मला सांगितली होती तशीच सांगितली, कमी नाही, जास्त नाही. कौतिका लाल झाली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पाटील म्हणाले, "बुढे, वाळल्या पऱ्हाटीले कोनी पानी देते काय?"

"पऱ्हाटी जाळूनच तं हे दूध तपते, पाटील," भुराबाई म्हणाली.

शाळेच्या कोपऱ्यात चुलीसाठी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, रास होती, ती पाटलांच्याच शेतातली. पाटील हसले. माणूस वाईट नव्हता.

ब्लॉकच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "मला कळतं हो. पण आज हिला दिलं तर उद्या सगळे म्हातारे येतील. पीप संपलं की या लेकरांना मी काय पाजू? यांचं अंग आत्ता भरलं नाही तर पुढं भरत नाही." मग त्यांनी ठरवून टाकलं, शेवंताला दुसऱ्या कोणीतरी आणायचं. वेचणीच्या दिवसांत दुसरं कोण आणणार? म्हणजे शेवंताचं दूध बंद. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या बोलण्यात चूक कुठं आहे, ते मी आजही शोधते, सापडत नाही.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. घरोघरून मूठ-मूठ ज्वारी गोळा करायची, भरडायची आणि दूध उतरवलं की त्याच चुलीवर म्हाताऱ्यांसाठी कण्या शिजवायच्या. मऊ, पातळ, दात नसले तरी जातील अशा. सरकारनं लेकरांना द्यावं, गावानं म्हाताऱ्यांना. ब्लॉकच्या बाई म्हणाल्या, गाव देत असेल तर माझी हरकत नाही, आणि आजीनं दुधाला हात लावला नाही तर शेवंतालाही येऊ दे. मला फार बरं वाटलं. मी घरोघर गेले, म्हणजे दारापाशी उभी राहिले आणि पदर पुढं केला. बायांनी मूठ घातली. दोन-तीन दिवस कण्या शिजल्या, म्हाताऱ्या आल्या, बसल्या, फुंकर घालत खाल्ल्या. आजीचा हात दुधाला लागेना तशी शेवंता सगळा पेला पिऊ लागली.

चौथ्या दिवशी कौतिका आली, शेवंताला उचललं, भुराबाईच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "माही सासू गावाच्या मुठीवर नाई जगत." आणि दोघींना घेऊन गेली. मग बाकीच्या म्हाताऱ्याही एकेक करून येईनाशा झाल्या. कोणाचा मुलगा रागावला, कोणाची सून. शिजलेल्या कण्या तशाच राहिल्या.

तीन दिवस शेवंता आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की आई तिला शेतात घेऊन जाते, झाडाखाली झोळीत टाकते, आणि भुराबाई घरात एकटी असते. मग दूध वाटून झाल्यावर मी शेताकडं निघाले. वाटेत दोनदा परत फिरले होते.

कौतिका ओळीत वेचत होती. कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरून पोटासारखी पुढं आली होती. मी शेजारची ओळ धरली आणि वेचायला लागले. ती माझ्या हातांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमची बोटं बोंडात फसून राह्यली. असं नाई, चिमटीत धरा आन वर घ्या."

"शेवंताला पाठवा," मी म्हटलं.

"पोरीच्या दुधाले मी कधी नाई म्हनलं? सरकारनं पोरीले देल्लं तं लोक म्हनते, पोरगी नशिबाची. बुढीले मुठीच्या कण्या देल्ल्या तं काय म्हनतीन? कौतिकानं सासूले उपाशी ठेवलं. तिच्या पोरानं मायले सोडलं. मंग त्याले पारावर बसाची सोय राहीन काय?"

मी चांगल्या मनानं केलं होतं आणि गावातल्या प्रत्येक घरावर बोट ठेवून बसले होते. लेकराला बाहेरून मिळालं तर आईची मान ताठ होते. म्हाताऱ्याला बाहेरून मिळालं तर मुलाची खाली जाते. पुढं अनेक योजना आल्या नि गेल्या, पण मला वाटतं ही अडचण तिथंच आहे.

"मी भाकर ठेवतच होती ना," कौतिका हळू आवाजात म्हणाली. "दात गेले हे मले दिसलंच नाई. दिवा लागल्यावर घरी येतो, कोनाच्या तोंडात पाहू?" मग हातातला कापूस ओटीत टाकत, "तिले काम द्या. फुकट नोको. काम केलं आन खाल्लं तं कोनाची बोलाची हिंमत नाई."

"त्यांना दिसत नाही."

"हाताले दिसते. घरची सारी भांडी थेच घासते."

मी घरी येईपर्यंत गंजाचा विचार करत आले. गंज घासणाऱ्याची खरवड, ही आमच्याकडची रीत आहे. लग्नाच्या जेवणावळीतही मोठ्या कढईची खरवड घासणारीच्या वाट्याला जाते आणि त्याला कोणी दान म्हणत नाही. तोवर केंद्राचा गंज मीच घासायची. बुडाची खरवड थोडी मी खायची, थोडी शाळेमागच्या कुत्रीला घालायची. लेकरांना ती देता येत नसे, जळकट लागते म्हणून ती थुंकतात. सरकारच्या नियमात भुकटी होती, दूध होतं, सांडलेलं दूधसुद्धा होतं. खरवड नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भुराबाई गंज घासायला आली. आधी उलथण्यानं खरवड काढायची, वाटीत घ्यायची, तीत पाणी घालून बोटानं मऊ करायची आणि सगळ्यांसमोर ओसरीवर बसून खायची. मग राखेनं गंज असा घासायची की त्यात तोंड दिसावं. शेवंता तिच्या शेजारी बसून स्वतःचा पेला स्वतः प्यायची. पाठ फिरवायची गरज उरली नाही. हळूहळू दुसऱ्या म्हाताऱ्याही आल्या. एक पळी घासायची, एक पेले विसळायची, एक ओसरी सारवायची. प्रत्येकीची वाटी असायची. कोणाचा मुलगा रागावला नाही.

आणि माझ्या हातून दूध जास्त लागायला लागलं. पळी कधी थांबवावी आणि किती थांबवावी, ते मला नीट कळत होतं. जे बुडाला लागत होतं ते लेकरांच्या पेल्यातूनच जात होतं, हेही कळत होतं. शेवंताची झोळी काट्यावर खाली झुकायला लागली होती, एवढंच मी स्वतःला सांगायची. ब्लॉकच्या बाई आल्या की गंजात पाहायच्या, ओसरीवरच्या बायांकडं पाहायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या केंद्रात दूध फार लागतं. आच जरा कमी ठेवत जा." मी हो म्हणायची. पुढच्या महिन्यात त्या तेच सांगायच्या आणि मी पुन्हा हो म्हणायची.

पण ही युक्ती बायांपुरतीच होती. कवडूजी नावाचा एक म्हातारा होता. बायको गेलेली, मुलगा नागपूरकडं गिरणीत. दूध उकळायच्या वेळेला तो शाळेच्या भिंतीला टेकून बसायचा. मी पाहिलं की म्हणायचा, "ऊन खाऊन राह्यलो, बाई." मी भुराबाईला विचारलं, यांना काय काम द्यावं? ती म्हणाली, "बायको गेल्यावरबी त्यानं आपलं ताट नाई उचललं. त्याले गंज घासाले सांगान काय?" मी त्याला पऱ्हाट्या आणून द्यायला सांगितलं. त्यानं एक मोळी आणली, टाकली, धापा टाकत बसला, आणि वाटी पुढं केली तर म्हणाला, "एवढ्याशा कामाचं काय खाऊ." दुसऱ्या दिवसापासून ऊन खायलाही आला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो गेला. म्हातारपणानं गेला, असं सगळे म्हणाले. मुलगा आला, गावानं सगळं नीट केलं. तेराव्याला मोठी पंगत बसली. मीही जेवले.

आता माझ्यासारख्यांसाठी सरकारची मदत थेट बँकेत येते. ती घ्यायला मी जाते तेव्हा शेजारची एक बाई दारातच उभी राहते, आत येत नाही, कारण तिचा मुलगा नोकरीत आहे आणि कोणी पाहिलं तर काय म्हणेल. शाळेत लेकरं थोडी झालीत आणि पारावर म्हातारे दाटीनं बसतात. त्यांच्यातल्या कोणाच्या तोंडात दात नाहीत, ते त्यांच्या घरात माहीत असेल का, असं मनात येतं. विचारायचं धाडस मला तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

कवडूजी गेला त्या वर्षी पाऊस लागला आणि समुद्रपूरकडून येणारा रस्ता नाल्यानं खाल्ला. पिपं यायची थांबली. केंद्राची चूल विझली. लेकरांना गाईचं, बकरीचं काहीतरी मिळत होतं, हिरवळीचे दिवस होते. मला काळजी होती ती भुराबाईची. गंज नाही तर खरवड नाही, आणि मागणार तर ती नव्हतीच. एका सकाळी थोड्या कण्या शिजवल्या, वाटी पदराखाली धरली आणि चिखलातून त्यांच्या घरी गेले. कौतिका दिसली तर काय सांगायचं, ते वाटेत जुळवत होते.

दार उघडं होतं. कौतिका निंदणाला, शेतातलं तण काढायला, निघाली होती, कमरेला विळा खोवलेला. चुलीसमोर बसून ती ताकात भाकर कुस्करत होती, आणि तोंडानं चालूच होतं, "बायका निंगून गेल्या, माही पात मांगं राहीन, मंग मुकादम बोलीन." तिनं वाटी भुराबाईच्या हातात दिली. भुराबाईनं एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

कौतिकानं तिच्याकडं पाहिलं. मग विळा काढून खाली ठेवला, कुरकुरत उठली आणि मीठ आणायला आत गेली. मी पदराखालची वाटी तशीच घेऊन परत फिरले.